परतीच्या वाटेचा अर्ज

अर्ज लिहिणे ही कला आहे असे मी मानतो, आणि कॉव्हेंट्रीत हे मत माझ्याइतक्या ठामपणे मांडण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला होता असे मला वाटत नाही. शिक्षण माझे नववीपर्यंतचे. परंतु सातारच्या कचेरीबाहेर टेबल मांडून बसणाऱ्या एका वृद्ध अर्जनविसाच्या हाताखाली मी जे शिकलो, ते कोणत्याही कॉलेजात शिकवीत नाहीत. आठवडाभर मी मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात पॅकिंग करीत असे. शनिवारी मात्र आमच्या मराठी मंडळाने भाड्याने घेतलेल्या सभागृहाच्या कोपऱ्यात माझे टेबल लागे आणि लोक कागदपत्रांच्या पिशव्या घेऊन रांगेने बसत. कौन्सिलचे घर, पेन्शन, शाळाप्रवेश, आणि सर्वांत जास्त इमिग्रेशन. त्या वर्षांत नवरा तिकडे आणि बायको इकडे अशी कितीतरी घरे होती. त्यांपैकी काही घरे माझ्या लेखणीने जोडली गेली, हे मी अभिमानाने नमूद करतो.

माझ्या गुरूंची पद्धत साधी होती. अर्जाला अर्जदार हवा. अर्जदाराला कुटुंब हवे. कुटुंबावर संकट हवे. शेवटी मागणी हवी, आणि ती पूर्ण मागावी, अर्धी मागू नये. ‘साहेबाकडे पाणी मागायला गेलास तर विहीर माग,’ असे ते म्हणत. म्हणून मी कोणासाठीही सहा महिन्यांचा व्हिसा कधी मागितला नाही. मी नेहमी कायमचे वास्तव्य मागितले.

या पद्धतीने एकदा माझ्या सख्ख्या भाचीची अनेक वर्षांची मेहनत बुडण्याच्या बेतात आली होती. ती हकीकत मी येथे लिहून ठेवीत आहे.

ही भाची माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. जन्म कॉव्हेंट्रीचा, विद्यापीठ कार्डिफचे, आणि संशोधनाचा विषय ऑस्ट्रेलियातल्या एका बर्फाळ डोंगरावर राहणारा प्राणी. त्याला डोंगरी पिग्मी पॉसम म्हणतात. तो उंदराएवढा असतो, शेपूट अंगापेक्षा लांब, आणि मादीच्या पोटाला कांगारूसारखी पिशवी. कित्येक वर्षे त्याची फक्त जुनी हाडे सापडत होती, त्यामुळे तो पृथ्वीवरून नाहीसा झाला असेच शास्त्रज्ञ धरून चालले होते. मग एके दिवशी स्की करणाऱ्यांच्या झोपडीत तो जिवंत निघाला. सारा हिवाळा तो बर्फाखाली, मोठमोठ्या धोंड्यांच्या कपारींत झोपून काढतो. असे धोंडे त्या देशात फार थोड्या डोंगरांवर आहेत, म्हणून तोही फार थोडा उरला आहे.

दिवाळीच्या सुमारास ती आमच्याकडे फराळाला आली होती. चकली हातात धरून, न खाता, ती बोलत होती.

“मामा, माद्या वर राहतात, उंचावर. नर खाली. स्प्रिंगमध्ये नर वर जातात, माद्यांकडे. धोंड्यांमधूनच जातात, उघड्यावर नाही. आणि मधे रोड आला. आता त्या रोडच्या कडेचे धोंडे काढून कार पार्क बांधायचं चाललंय. म्हणजे वाट संपली.”

“मग तुमची मागणी काय?”

“रोडखालून टनेल. दगड भरलेलं. दुसऱ्या एका डोंगरावर केलंय तसं, आणि चालतंय ते. डोंगराच्या कमिटीपुढे हिअरिंग आहे. बाहेरच्या देशातून पत्रं आली तर त्यांना बरं वाटतं, कारण त्यांना टूरिस्ट पाहिजेत. दोन-तीन पत्रं द्याल का?”

दोन-तीन पत्रे! नर खाली, माद्या वर, मधे सरकारी रस्ता. हे ऐकल्याबरोबर मजकूर माझ्या मनात आकार घेऊ लागला. ती पुढेही काही सांगत होती, परंतु मजकूर सुचू लागला की मला बाहेरचे ऐकू येत नाही. लिहिणाऱ्या प्रत्येक माणसाचे असे होते.

जानेवारीत मी तो अर्ज पुरा केला. मूळ इंग्रजीत होता, पण त्याचे मराठी मला आजही पाठ आहे. ‘अर्जदार हा देहाने लहान असला तरी अतिप्राचीन कुळातील असून, त्याचे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या सदर डोंगरावर वास्तव्य करून आहे. अर्जदाराची पत्नी वरच्या अंगास व अर्जदार खालच्या अंगास राहत असून, मधल्या रस्त्यामुळे उभयतांची ताटातूट झाली आहे.’ आणि शेवटी मागणी: ‘तरी अर्जदारास पत्नीजवळ जाण्याची व तेथे कायमचे वास्तव्य करण्याची परवानगी मिळावी.’ माथ्यावर मी भाचीचे पूर्ण नाव घातले, कार्डिफची पदवी घातली आणि ‘सर्व माहिती सदर संशोधिकेने पुरविली आहे’ असे लिहिले. अर्जाला वजन येण्यासाठी असे करावे लागते.

संक्रांतीच्या तिळगूळ समारंभात मी तो मंडळापुढे वाचला. सुरुवातीला मागच्या खुर्च्यांवर खसखस पिकली.

“उंदराला व्हिसा!” कोणीतरी म्हणाले.

“उंदीर नव्हे, पॉसम. कांगारूचा भाऊबंद.”

“मग स्पॉन्सर कांगारूलाच होऊ द्या की!”

परंतु मजकूर जसजसा पुढे गेला, तसतसे सभागृह शांत झाले. मंडळाच्या अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. ते मूळचे कोल्हापूरचे, बसच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आवाजाने भारदस्त गृहस्थ. पत्नी दोन हिवाळ्यांपूर्वी कोल्हापूरला गेली ती परत आली नव्हती, हे सर्वांना ठाऊक होते आणि त्यांच्यासमोर कोणी बोलत नसे. त्यांनी सही करून वर मंडळाचा शिक्का मारला. पहिली सही मात्र माझ्या जुन्या पक्षकार बाईंची होती. त्यांच्या नवऱ्याला माझ्या अर्जाने या देशात प्रवेश मिळाला होता. त्या म्हणाल्या, “भाऊ, हे तुम्ही आमचंच लिहिलंत.” मी तो कागद हवाई टपालाने पाठवला आणि समाधानाने घरी आलो.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी संध्याकाळी कार्डिफहून भाचीचा फोन आला. आईने तिला मला ‘तुम्ही’ म्हणायला शिकवले होते, आणि ती फार रागावली की ‘तू’वर येई.

“मामा, हे काय लिहिलंयस तू?”

मी अर्जाची चौकशी केली.

“पोचला. कमिटीला पोचला, आणि कार पार्क करणाऱ्या कंपनीच्या वकिलालाही पोचला, कारण तिथे सगळे कागद पब्लिक असतात. मला तिकडून फॅक्स आलाय. मामा, कायमचं वास्तव्य? नरांचं वर? कोणी सांगितलं तुला?”

“कुटुंब एकत्र राहावे हे कोणी सांगावे लागते का?”

 मग ती हळू बोलू लागली, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होते.

नर वर जातात ते थोड्या दिवसांसाठी. जोडी जमली की त्यांनी खाली परतलेच पाहिजे. वर जागा थोडी आणि अन्न थोडे. उन्हाळ्यात पतंगांचे थवे डोंगरावर येतात, ते खाऊन माद्या आणि पिल्ले अंगावर चरबी चढवतात आणि त्या चरबीवर बर्फाखालचा हिवाळा काढतात. नर तिथेच अडकून पडले तर ते सगळे फस्त करतात, चांगल्या कपारी बळकावतात, आणि वसंतात माद्या व पिल्ले मेलेली निघतात. हे सिद्ध करण्यातच माझ्या भाचीचे सगळे ऋतू गेले होते.

“वकील काय म्हणतोय माहितीये? संशोधिकेच्याच माहितीवरून नर वर कायमचे राहू शकतात. मग टनेल कशाला? खालचे नर पिंजऱ्यात पकडू, एकदाच वर नेऊन सोडू, आणि कार पार्क करू. माझं नाव आहे त्यावर, मामा. माझंच नाव माझ्या विरुद्ध.”

“सुनावणी कधी?”

“मंडे. त्यांचा मंडे सकाळ. आणि हो म्हटलं तर स्नो पडायच्या आत बुलडोझर. माझ्या आजीबाईच्या कपारीवर कोणीतरी गाडी लावेल.”

आजीबाई ही तिच्या डोंगरावरची एक मादी. कानात खुणेची बारीक पट्टी असलेली, सगळ्यांत म्हातारी. बर्फ वितळले की दर वर्षी भाची त्याच धोंड्याजवळ जाऊन ती जगली का ते पाही, आणि दर वर्षी ती जगलेली असे. तिचा फोटो बहिणीच्या घरी, टीव्हीवर, गणपतीशेजारी ठेवलेला होता.

मी चुकलो असे मी त्या वेळी म्हटले नाही, आणि आजही म्हणणार नाही. मला अर्धीच माहिती पोचली होती. परंतु एका गोष्टीत माझ्याइतका जाणकार त्या दिवशी तिच्याजवळ दुसरा कोणी नव्हता. अर्ज मागे कसा घ्यायचा, हे मला ठाऊक होते. लिहिणाऱ्याने घेतला म्हणून तो मागे येत नाही. ज्याच्या सहीशिक्क्याने गेला, त्याच्याच सहीशिक्क्याने परत यावा लागतो. म्हणजे अध्यक्ष हवेत, आणि जमतील तितके सहीवाले.

“उद्या ये,” मी म्हणालो. “दुसरा अर्ज करू.”

“मीच लिहिणार,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या शनिवारी मी टेबल मांडले नाही. सकाळच्या गाडीने ती आली. डोळे सुजलेले, पाठीवर भली मोठी पिशवी. चहाही न घेता आम्ही प्रथम माझ्या जुन्या पक्षकार बाईंकडे गेलो, कारण पहिली सही त्यांची होती. दार उघडल्याबरोबर त्या म्हणाल्या, “आला का हो तुमचा उंदीर बायकोकडे?”

मी त्यांना सारे समजावून सांगितले. भाची मधे मधे इंग्रजीत भर घालत होती. बाई हात पुसत ऐकत राहिल्या. आतल्या खोलीत त्यांचे यजमान शनिवारची फुटबॉल मॅच सुरू व्हायची वाट बघत टीव्हीपुढे बसले होते. त्यांच्या मांडीवर ताट होते.

“म्हणजे हा वर जाणार, बायकोच्या वाटचं खाणार, चांगली जागा धरून बसणार, आणि हलणार नाही?” बाईंनी विचारले.

“एक्झॅक्टली,” भाची म्हणाली.

बाईंनी मागे वळून पाहिले. “ऐकलंत का?”

“काय?” आतून आवाज आला.

“तुमच्यावर रिसर्च झालाय म्हणे ऑस्ट्रेलियात.”

“भाजी संपली का ग?”

बाई हसत सुटल्या, आणि शुक्रवारपासून प्रथमच माझी भाचीही हसली. पण पेन हातात घेतल्यावर बाई थांबल्या. “भाऊ, यांना आणायला मी तीन वर्षं तुमच्या टेबलापुढे बसले. ते आले ते बरंच झालं. पण त्या कागदात परत जायचंही असतं तर बरं झालं असतं. सासूबाई गेल्या तेव्हा हे इथेच रडत बसले. गेलो तर परत येऊ देतील की नाही, ही भीती.” असे म्हणून त्यांनी सही केली, कागद आत नेला आणि यजमानांची सही घेऊनच बाहेर आल्या. मी कागद घेऊन सह्या पुन्हा एकदा मोजल्या.

दुपारपर्यंत आणखी काही घरे झाली. कोणी सही केली, कोणी घरी नव्हते, कोणी ‘आधी ठरवा काय ते’ म्हणून दार लावले. अध्यक्षांच्या घराला मात्र कुलूप होते. शेजारच्या बाईंनी सांगितले की ते मुलाकडे पिनरला गेले आहेत, नातीचे बारसे आहे.

पिनर म्हणजे थेट लंडनचे उपनगर. आम्ही धावत स्टेशन गाठले. गाडी सुटली तेव्हा मी पॅड काढले, कारण मागे घेण्याचा मुख्य मजकूर अजून लिहायचाच होता. आतापर्यंतच्या सह्या वेगळ्या कागदावर, एका ओळीच्या निवेदनाखाली घेतल्या होत्या.

“लिहा,” भाची म्हणाली. “द फर्स्ट पिटिशन वॉज राँग.”

“अर्जात ‘चूक’ हा शब्द येत नाही. ‘अपुऱ्या माहितीवर आधारित’ असे येते.”

“माहिती अपुरी नव्हती! मी पूर्ण सांगितली होती. तू ऐकली नाहीस.”

समोरच्या बाकावरच्या इंग्रज म्हातारीने पेपर खाली केला. आम्ही आवाज खाली आणले, पण भांडण तसेच चालू राहिले. रग्बी स्टेशन मागे पडले. ती म्हणाली, नवराबायको हे शब्द काढा, ते लग्न झालेले नाहीत. मी म्हणालो, अर्जदाराशिवाय अर्ज म्हणजे नुसता निबंध, आणि निबंध वाचून कोणी बुलडोझर थांबवीत नाही. ती म्हणाली, माझ्या विषयातल्या लोकांसमोर माझे हसे होईल. मी म्हणालो, तुझ्या विषयातली माणसे त्या कमिटीत आहेत का?  नव्हती. कमिटीत हॉटेलवाले होते, रस्तेवाले होते, डोंगराखालच्या गावातले दुकानदार होते.

तिने खिडकीकडे तोंड फिरवले. थोड्या वेळाने, काचेकडेच बघत, म्हणाली, “अर्जदार ठेवा. पण अर्जदार आजीबाई असू देत. नर नाही.”

हे मला सुचायला हवे होते असे कोणी म्हणेल. अर्जदार बदलला की सारा अर्ज बदलतो, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. लंडनचे युस्टन स्टेशन येईपर्यंत मी लिहीत राहिलो आणि ती प्रत्येक वाक्य तपासत राहिली. ‘अर्जदार ही वृद्ध मादी असून, तिने अनेक हिवाळे बर्फाखाली काढले आहेत. वसंतात येणारा पाहुणा तिला हवा आहे. परंतु पाहुण्याने ऋतू सरताच आपल्या ठिकाणी परतावे, अन्यथा तिचे व पिल्लांचे हिवाळ्याचे अन्न संपते. यापूर्वीच्या अर्जात येण्याची वाट मागितली होती. जाण्याची वाट मागायची राहून गेली. तो अर्ज आम्ही मागे घेत आहोत. संशोधिकेने दोन्ही वाटा प्रथमपासून सांगितल्या होत्या.’ शेवटचे वाक्य मी घातले. ते तिने तपासले नाही, नुसते वाचले आणि पॅड परत दिले.

पिनरला पोचलो तेव्हा बारसे भरात होते. दिवाणखान्यात भाड्याने आणलेला पाळणा फुलांनी सजवलेला, बायका पाळणा म्हणत होत्या, आणि ज्यांना शब्द येत नव्हते अशा सुना फोटोकॉपीवरून वाचून म्हणत होत्या. अध्यक्ष कोटात, दाराशी, आलेल्यांना पेढे देत उभे. गोविंद-गोपाळ म्हणत बाळाला पाळण्याखालून-वरून घेण्याचा आजीचा मान कोणीतरी शेजारीण चालवत होती. ते त्यांच्या डोळ्यांना टोचत असावे, कारण ते त्या बाजूला पाहतच नव्हते.

“या, या! अर्जनवीस खुद्द! आणि ही आपली ऑस्ट्रेलियावाली. पेढा घ्या.”

मी त्यांना बाजूला, स्वयंपाकघरात नेले. ओट्यावर मसालेभाताचे पातेले होते. मी शांतपणे सारे सांगितले आणि कागद पुढे केला. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलत गेला.

“मागे घ्यायचा? मंडळाच्या शिक्क्याचा कागद?”

“दुरुस्त करायचा, असे म्हणा.”

“मी सही केली ती विचार करून केली. उद्या लोक म्हणतील, अध्यक्षाला आपण कशावर सही करतो ते कळत नाही. आणि हे काय लिहिलंय? पाहुणा? आपल्या ठिकाणी परतावे?” त्यांचा आवाज चढला. बाहेरचा पाळणा थांबल्यासारखा वाटला. “नवरा पाहुणा होय? एकीने तिकडे राहायचं, एकाने इकडे, हेच योग्य असं मी लिहून द्यायचं? मी? शिक्का मारून?”

मी बोलायला तोंड उघडले, आणि भाचीने माझा हात धरला. माझ्या मजकुरात कोणाचे घर दुखावते आहे ते तिला माझ्याआधी कळले होते.

“काका,” ती म्हणाली. तिचे मराठी घाबरली की जास्त अडखळे. “तो तिला सोडून नाही जाते. खाली पण त्याची घर आहे. त्याचं. खाली त्याला अन्न मिळतं, वर नाही. तो गेला म्हणून ती जगते. आणि ती जगली म्हणून पुढच्या स्प्रिंगला तो परत येतो.”

“परत येतोच?”

“रस्ता असला तर.”

“आणि नसला तर?”

“तर एकदा जो जिथे आहे, तिथेच. मग दोघंही नाही उरत, काका. दॅट्स द होल पॉइंट.”

अध्यक्षांनी पातेल्यावरचे झाकण उचलले, आत पाहिले, पुन्हा ठेवले. बाहेर बाळाचे नाव मोठ्याने पुकारले गेले आणि टाळ्या वाजल्या. मुलगा दारातून डोकावला. “बाबा, कम ऑन, फोटो!”

“आलो. दोन मिनिटं.” मग माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, “तिनं मला सांगितलं होतं, हिवाळ्यात तुम्ही इकडे या, उन्हाळ्यात मी तिकडे येते. मी म्हणालो, यायचं तर कायमचं ये, नाहीतर येऊच नको. बारशालासुद्धा नाही आली.”

  त्यांनी भाचीकडून पेन मागून घेतले आणि ओट्यावर, कोथिंबिरीची काडी बाजूला सारून, सही केली. शिक्का त्यांच्या कोटाच्या खिशात होता. मंडळाचा शिक्का घेऊन ते बारशालाही जातात, हे पाहून मला त्यांच्याविषयी आदर वाटला. मीही तसाच वागलो असतो.

कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याच्या दुकानात फॅक्सचे मशीन होते. दुकानदार गुजराती, शटर अर्धे ओढलेले. भाची शटरखालून वाकून आत शिरली आणि मी बाहेरून अधिकारवाणीने विनंती केली. पहिल्यांदा लाइन लागली नाही. दुसऱ्यांदा शिक्क्याचा कागद मशीनमध्ये तिरका गेला आणि अडकला. दुकानदाराने तो इतक्या जोरात ओढला की भाचीच्या तोंडून किंकाळी निघाली. कागद कोपऱ्यावर फाटला, पण सह्या वाचल्या. तिसऱ्यांदा मशीन घरघरले, कागद एकेक करून गिळले, आणि शेवटी पोच मिळाल्याची चिठ्ठी बाहेर आली. भाचीने ती दुमडून पासपोर्ट ठेवतात तशी आतल्या खिशात ठेवली.

सुनावणीत काय झाले ते आम्हाला मंगळवारी कळले. वकिलाने पहिला अर्ज वाचायला घेतला, तेव्हा आमच्या अध्यक्षांच्या सहीचा दुसरा कागद कमिटीसमोर ठेवण्यात आला. एका हॉटेलवाल्या सभासदाने म्हणे आजीबाईचा मजकूर मोठ्याने वाचायला लावला. सगळे धोंडे बचावले नाहीत. एका बाजूचा पट्टा गेला आणि त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या. परंतु आजीबाईची बाजू राहिली, आणि रस्त्याखालून दगड भरलेला बोगदा करायचे ठरले. भाचीने फोनवर मला ‘तुम्ही’ म्हटले. त्यावरून मी काय ते समजलो.

पुढच्या वसंतात, म्हणजे आपल्या इकडच्या नोव्हेंबरात, ती पुन्हा त्या डोंगरावर गेली. नर बोगद्यातून वर आल्याचे तिने कळवले. मी मंडळात पेढे वाटावे म्हटले, तर ती म्हणाली, “थांबा मामा. येणं सोपं आहे. खाली जातात का ते बघू.”

सारा डिसेंबर मी वाट पाहिली. कारखान्यात पेट्यांना पट्ट्या बांधताना मनात तोच विचार. टेबलावर त्या महिन्यात मी कोणाचाही अर्ज लिहायला घेतला की आधी विचारू लागलो, “परत जायचंही आहे का, अधूनमधून?” लोक बावरत, मग बराच वेळ बोलत.

जानेवारीत एका काळोख्या दुपारी फोन वाजला. लाइनवर वाऱ्याचा आवाज.

“मामा, उतरले. कालपासून खाली उतरतायत. टनेलमधूनच.”

“आणि आजीबाई?”

“आहे. जाडी झालीये मस्त.”

ही बातमी प्रथम अध्यक्षांना द्यावी असे मला वाटले. ते त्या हिवाळ्यात कोल्हापूरला होते, जाण्यायेण्याचे तिकीट काढून. मी तिकडे फोन लावला. उचलला त्यांच्या पत्नीने.

“कोण? उंदीरवाले का? हे झोपलेत. निरोप सांगते.”

“सांगा, खाली उतरले. वाट मोकळी आहे.”

“बरं. आणि तुम्हीही एक ऐका. मार्चला यांना तिकडे परत पाठवते आहे, घ्यायला या. घरातले डिंकाचे लाडू संपत आलेत, मला काही उरायचं नाही.” मग थोडे थांबून, जरा हळू आवाजात, “मे महिन्यात मीही येईन म्हणते. नातीला अजून मांडीवर घेतलं नाही.”

मी म्हणालो, कागदपत्रांचे काही लागले तर माझे टेबल शनिवारी असते.